आगगाडीतला समुद्र

आजचा विषय ऐकून काही जणांनी आधीच विचारलं, की हा इतिहासाचा विषय आहे की मासे पाळणाऱ्यांचा? तर त्याचं उत्तर देताना एक फोन सांगतो.

माझ्या ओळखीतल्या एका तरुणाची मुंबईहून नागपूरला बदली झाली. त्याच्याकडे खाऱ्या पाण्याचा फिशटँक. तीनशे लिटरचा. त्यात क्लाउनफिशची जोडी, दोन-चार छोटे मासे, एक कोळंबी आणि बरेच दगड. घरातलं बाकीचं सामान ट्रकवाला नेणार होता, त्याची काळजी नव्हती. काळजी या टँकची होती. तो मला म्हणाला, "काका, तुम्ही इतिहासवाले. समुद्र असा गाडीत घालून कुणी नेलाय का हो पूर्वी? आणि नेला, तर पाणी बरोबर नेलं का तिथलं वापरलं?"

मी हसलो, पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण हा प्रश्न खरोखर विचारला गेला होता. लोकांनी त्यावर आयुष्यं घालवली. एक अख्खा रेल्वेचा डबा त्यापायी नदीत कोसळला. आज त्या डब्याचीच गोष्ट सांगायची आहे. पण त्याआधी थोडं मागं, लंडनला जाऊ या.

१८४६ साल. अॅना थिन नावाच्या बाई इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्कीला गेल्या होत्या. यजमान वेस्टमिन्स्टर अॅबीचे मोठे धर्माधिकारी. बाईंना किनाऱ्यावर जिवंत प्रवाळ दिसले, आणि ते लंडनला घरी न्यावेत असं मनात आलं. आता न्यायचे कसे? बरणीत टाकले तर गाडीच्या हेलकाव्यांनी एकमेकांवर आपटणार. म्हणून बाईंनी काय करावं, तर सुईदोरा घेतला आणि ते प्रवाळ एका मोठ्या स्पंजला चक्क टाके घालून शिवले. मग तो स्पंज समुद्राच्या पाण्यानं भरलेल्या दगडी बरणीत ठेवला. मला ही युक्ती फार आवडते. मासेपालनाच्या कुठल्याही पुस्तकात ती नव्हती, कारण तसं पुस्तकच नव्हतं. शिवणकाम येणाऱ्या बाईलाच ते सुचणार.

प्रवाळ लंडनला पोचले. खरी अडचण पुढे आली. समुद्राचं पाणी मोजकंच, आणि नवीन आणायचं तर पुन्हा किनाऱ्यापर्यंत जायला हवं. मग रोज ते पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचं, पुन्हा परत ओतायचं. अर्धा-पाऊण तास. आपण गरम चहा कपातून बशीत ओततो तसं. हे काम मोलकरणीकडे असे. त्या मोलकरणीचं नाव इतिहासात सहजी सापडत नाही, पण ते प्रवाळ लंडनमध्ये जवळजवळ तीन वर्षं जगले ते तिच्या मनगटांवर.

ती ओतत काय होती? हवा. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन किती कमी असतो याचा आपल्याला अंदाज नसतो. बर्फाइतक्या गार गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण १४ मिलिग्रॅम. तेच पाणी २० अंशांवर आलं की ९. आणि समुद्राचं खारं पाणी २० अंशांवर असेल तर साडेसातच्या आसपास. म्हणजे पाणी जितकं कोमट आणि जितकं खारट, तितका त्यात श्वास कमी. त्यात माशांची गंमत अशी, की पाणी कोमट झालं की त्यांना श्वास जास्त लागतो. दोन्ही बाजूंनी कोंडी. म्हणून समुद्रातला जीव लांब न्यायचा असेल तर दोन गोष्टी करायच्या. गारवा टिकवायचा आणि पाणी हलतं ठेवायचं. विजेचा पंप नसताना पाणी हलतं ठेवायचं म्हणजे माणसानं जागं राहायचं.

आता अमेरिकेत येऊ. १० मे १८६९ला युटामध्ये प्रॉमंटरी इथं पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ जोडले गेले, आणि जो प्रवास महिनोन्‌महिन्यांचा होता तो आठवड्याभरावर आला. कॅलिफोर्नियात सोन्यासाठी गेलेली माणसं आता तिथं स्थायिक झाली होती. पैसा होता, पण जेवायला बसलं की पूर्वेकडच्या माशांची आठवण यायची. हे आपल्याला समजायला हवं. कोकणातला माणूस विदर्भात नोकरीला गेला की त्याला नेमकं काय आठवतं, ते कुणालाही विचारा.

(हशा)

तर कॅलिफोर्नियानं १८७०मध्ये मत्स्य आयोग नेमला आणि ठरवलं की अटलांटिकचे मासे पॅसिफिकला आणायचे. पहिला प्रयोग सेथ ग्रीननं केला. १८७१च्या जूनमध्ये त्यानं शॅड माशाची नुकतीच अंड्यातून निघालेली पिल्लं दुधाच्या कॅनमधून रेल्वेनं नेली. शॅड म्हणजे बंगाल्यांच्या हिल्शाची लांबची बहीण. समुद्रात वाढते, अंडी घालायला नदीत येते. वाटेत ग्रीन पाणी बदलत, गार करत राहिला आणि सुमारे दहा हजार पिल्लं त्यानं सॅक्रामेंटो नदीत टेहामा इथं सोडली. पण ही पिल्लं गोड्या पाण्यातली, आणि सुईएवढी. कॅनमध्ये मावणारी. खाऱ्या पाण्यातले मोठे मासे न्यायचे तर कॅन पुरणार नव्हता.

इथं लिव्हिंग्स्टन स्टोन येतो. हार्वर्डचा पदवीधर, न्यू हॅम्पशायरमधल्या चार्ल्सटाउनच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक. धर्मोपदेश सोडून या गृहस्थानं ट्राउट माशांची शेती सुरू केली आणि १८७२मध्ये ट्राउटपालनावर पुस्तकही लिहिलं. अशा माणसाला १८७३मध्ये कॅलिफोर्नियासाठी एक अजब काम मिळालं. एक रेल्वेचा डबा घ्यायचा, त्यात मत्स्यालय बसवायचं, आणि ते अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंत न्यायचं.

डबा फळं वाहण्याचा होता. त्यात एक भलीमोठी टाकी बांधली. उरलेल्या जागेत कॅन, पिंपं, बर्फाचा साठा, खाऱ्या पाण्याचा वेगळा साठा, आणि सोबतच्या माणसांना आळीपाळीनं पाठ टेकायला जागा. आत काय काय भरलं होतं, ते ऐका. तलावातले बास, पर्च, कॅटफिश. हडसन नदीतले ईल. समुद्रातले टॉटॉग. शॅडची पिल्लं. कालवं. आणि १६२ लॉबस्टर. हा लॉबस्टर म्हणजे आपल्या शेवंडाचा भाऊबंद, फक्त याला दोन दांडग्या नांग्या असतात. म्हणजे गोडं पाणी आणि खारं पाणी, थंडीतले आणि त्याहून थंडीतले, एकमेकांना खाणारे आणि खाल्ले जाणारे, सगळे एका डब्यात. सामान म्हणून पाहिलं तर हे वेड आहे. पण १८७३मध्ये ते सरकारी काम होतं.

३ जूनला डबा चार्ल्सटाउनहून निघाला. त्या प्रवासाची मी मनाशी कल्पना करतो तेव्हा मला मासे दिसत नाहीत. मला त्या डब्यातली माणसं दिसतात. जूनचा उकाडा, आजूबाजूला वितळणारा बर्फ, डोलणारा कंदील, आणि हातातलं डबडं सतत पाण्यात बुडवून वरून ओतणारे थकलेले हात. गाडी थांबली की बर्फ शोधायचा. गोडं पाणी वाटेत मिळे, तेही तपासून घ्यावं लागे. समुद्राचं पाणी मात्र शिकागोत मिळणार नव्हतं, ओमाहात मिळणार नव्हतं, पुढे वाळवंटात तर नाहीच. जे बरोबर आणलं तेवढंच. त्यातलं पिंपभर खराब झालं तर विषय संपला.

आणि त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. मासे पाण्यात अमोनिया सोडतात. खऱ्या समुद्रात आणि जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत दगडांवर, वाळूवर बसलेले जिवाणू तो अमोनिया पचवतात. पण नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. शिवाय समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं, त्यामुळे तिथं अमोनिया जास्त घातक ठरतो. हे जिवाणूंचं काम शास्त्रज्ञांना उलगडलं ते पुढे, १८७७ ते १८९०च्या दरम्यान. स्टोनला फक्त एवढं दिसत होतं, की पाणी स्वच्छ दिसतंय, गार आहे, हवाही घालतोय, तरी लॉबस्टर एकेक करून मरताहेत.

८ जून. ओमाहा मागे पडलं होतं. एल्कहॉर्न नदीवरचा लाकडी पूल गाडीखाली खचला आणि मत्स्यालयाचा डबा पाण्यात गेला. आत स्टोन आणि त्याचे सहकारी. टाक्या, बर्फ, पिंपं सगळं अंगावर कोसळलं आणि वर नदीचं पाणी आत शिरलं. ही माणसं कशीबशी बाहेर पडली आणि वाचली. मासे? गोड्या पाण्यातले जे होते ते नदीत मोकळे झाले. समुद्रातल्या जिवांना नेब्रास्काच्या गोड्या नदीचा काय उपयोग? जवळचा समुद्र शेकडो मैलांवर.

मला या प्रसंगात जे महत्त्वाचं वाटतं ते अपघातानंतरचं आहे. त्या वेळी स्पेन्सर बेअर्ड हा अमेरिकेच्या केंद्रीय मत्स्य आयोगाचा प्रमुख होता. स्टोननं त्याला तार केली. उत्तर आलं, पूर्वेला परत या आणि शॅडची पिल्लं घेऊन जा. आपल्यातला कुणी असता तर म्हणाला असता, अहो, जीव वाचला हे पुष्कळ झालं. स्टोन परत गेला, पिल्लं घेतली, आणि महिन्याच्या आत सॅक्रामेंटोत सोडूनही आला. पुढच्या वर्षी पुन्हा लॉबस्टर घेऊन निघाला. त्या खेपेला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके जिवंत पोचले. अमेरिकन लोक अपयशाची मोजदाद फार प्रामाणिकपणे ठेवतात हे मात्र मान्य करायला हवं. किती निघाले, कुठे किती मेले, सगळं सरकारी अहवालात छापलेलं आहे. आपल्याकडच्या किती योजनांबद्दल असं म्हणता येईल?

आता १८७९. याच स्टोननं न्यू जर्सीतल्या नेव्हसिंक नदीच्या मुखातून स्ट्राइप्ड बास पकडले. अंगावर आडव्या रेषा असलेला, खाडीत वावरणारा देखणा मासा. त्यातले सुमारे १३२ छोटे मासे त्यानं मार्टिनेझ इथं, कार्किनेझच्या सामुद्रधुनीत सोडले. त्याच खेपेत वीसएक लॉबस्टरही होते, आणि या वेळी तेही जवळजवळ सगळे जिवंत पोचले. म्हणजे सहा वर्षांत हात बसला होता. १८८२मध्ये आणखी सुमारे तीनशे बास सोडले. दोन्ही खेपा मिळून साडेचारशेही नाहीत.

आणि १८९९मध्ये, म्हणजे वीस वर्षांत, कॅलिफोर्नियात या माशाची वर्षाची विक्री दहा लाख पौंडांवर गेली. साडेचार लाख किलोच्या वर! लॉबस्टरचं काय झालं? काही नाही. पुढेही शेकड्यांनी आणून सोडले. ते रुजले नाहीत ते नाहीतच.

असं का व्हावं? दोघांनाही त्याच माणसांनी, तितक्याच मायेनं नेलं. मला कारण असं दिसतं. स्ट्राइप्ड बासला खारं, मचूळ, गोडं, सगळं पाणी चालतं. आपल्या जिताड्यासारखं. रायगडकडची मंडळी खाडीतली जिताड्याची पिल्लं आणून घरच्या तळ्यात वाढवतात ना, तसा हा सोशिक मासा. शिवाय एकेक मादी लाखांनी अंडी घालते, आणि ती अंडी फुटेपर्यंत साधारण दोन दिवस नदीच्या प्रवाहात तरंगत राहावी लागतात. सॅक्रामेंटो आणि सान होआकिन या लांब, वाहत्या नद्यांनी त्याला नेमकं तेच दिलं. लॉबस्टरची पिल्लं मात्र अंड्यातून निघाली की कित्येक आठवडे समुद्राच्या पृष्ठभागावर वाहत जातात. अफाट पॅसिफिकमध्ये वीस-पन्नास लॉबस्टरांची पिल्लं कुठल्या कुठे गेली असतील. वाढून पुन्हा एकमेकांना भेटणार कशी? स्टोननं अटलांटिकचं पाणी नेलं होतं. अटलांटिकचे प्रवाह, तिथले कडे-कपारी, तिथला गारठा हे काही पिंपात मावत नव्हतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ही नुसती साहसकथा होईल. जे मुद्दाम नेलं त्याची नोंद झाली. जे नकळत गेलं त्याचं काय? रेल्वे सुरू होताच व्यापारी अटलांटिकची कालवं पिंपांमध्ये भरून सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात आणून वाढवू लागले. कालवांना टाकी लागत नाही. शिंपला घट्ट मिटून ओलाव्यात आणि गारव्यात ती कित्येक दिवस तग धरतात. पण शिंपल्यांच्या खाचांत, चिखलात इतरही प्रवासी होते, बिनतिकिटाचे. त्यात होती मऊ कवचाची एक शिंपली. १८७४मध्ये ती उपसागरात सापडली, आणि एका शिंपलेतज्ज्ञानं तिला कॅलिफोर्नियाची नवी जात समजून नवं नावसुद्धा देऊन टाकलं. होती ती अटलांटिकची नेहमीचीच. कालवांना भोक पाडून खाणारी गोगलगायही याच मार्गानं आली.

आणि तो यशस्वी बास? तो मांसाहारी. स्थानिक सामन माशांची पिल्लं खातो. आज कॅलिफोर्नियात सामन आटलेत, आणि दोष कुणाचा यावर भांडण आहे. शेतीला पाणी हवं असणारे म्हणतात, हा बाहेरून आलेला बास सगळं खातो. गळ टाकणारे म्हणतात, तुमचे नदी उपसणारे पंप बंद करा आधी. २००८मध्ये हा वाद कोर्टातही गेला. मला विचाराल तर दोघंही सोयीपुरतं खरं बोलतात. पण १३२ माशांची ती बारकी खेप सव्वाशे वर्षांनी न्यायाधीशासमोर उभी राहावी, हे स्टोनच्या स्वप्नातही आलं नसेल.

आता थोडक्यात पुढचं, कारण त्या तरुणाचा पाण्याचा प्रश्न अजून राहिलाय. १८९३मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं. त्याच निमित्तानं भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच प्रदर्शनात समुद्री मत्स्यालयही होतं. समुद्र शेकडो मैल दूर. मग तिथल्या लोकांनी काय करावं? वुड्स होल इथं समुद्राचं पाणी आटवून पाचव्या हिश्श्यावर आणलं. आपण बासुंदीला दूध आटवतो ना, तसं. ते आटीव पाणी रेल्वेनं शिकागोला नेलं आणि तिथं मिशिगन सरोवराचं गोडं पाणी घालून पुन्हा समुद्र केला. वजन वाचलं, भाडं वाचलं. मला ही सगळ्या इतिहासातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते.

त्याच शिकागोत १९३०मध्ये शेड मत्स्यालय सुरू झालं. जॉन शेड या बड्या दुकानदारानं दिलेल्या देणगीतून. तिथं मात्र आटवाआटवी नव्हती. फ्लोरिडाच्या टोकाशी असलेल्या की वेस्टहून दहा लाख गॅलन पाणी, म्हणजे जवळजवळ ३८ लाख लिटर, रेल्वेच्या टाकीडब्यांतून आणलं. वीस डबे, आठ खेपा. माशांसाठी ‘नॉटिलस’ नावाचा खास डबाही बांधून घेतला. स्टोननं फळांच्या डब्यात जे कसंबसं जमवलं होतं, ते इथं मुद्दाम बांधून मिळालं. एल्कहॉर्ननंतर ५७ वर्षांनी. आज तेच शेड मत्स्यालय शिकागोच्या नळाच्या पाण्यात क्षार मिसळून समुद्र घरीच करतं.

तर त्या तरुणाला मी हे सगळं सांगितलं. फोनवर एवढं ऐकणारा तरुण मिळणं कठीण, पण त्याला गरज होती. म्हणालो, पाण्याचा फार लोभ धरू नकोस, मीठ मिसळून ते नागपूरला करता येईल. तुझी खरी ठेव दगडांत आहे, जिवाणू तिथं बसलेत. ते सुकू देऊ नकोस आणि तापू देऊ नकोस.

त्यानं दगड समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या वर्तमानपत्रांत गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यात भरले. मासे झाकणाच्या बादल्यांत, प्रत्येक बादलीत बॅटरीवरचा छोटा हवापंप. जाण्याआधी दोन दिवस माशांना उपाशी ठेवलं, म्हणजे वाटेत पाणी घाण होणार नाही. मावेल तेवढं जुनं पाणी कॅनमध्ये, बाकीचं टाकून दिलं. रात्री निघाला, ऊन टाळायला. इगतपुरीच्या पुढे एका बादलीतला पंप बंद पडला. बायको गाडी चालवत होती, आणि हा मागच्या सीटवर बसून मगानं पाणी उपसून वरून ओतत राहिला, थेट संभाजीनगरला नवी बॅटरी मिळेपर्यंत. क्लाउनफिश दोन्ही पोचले. कोळंबी मात्र गेली.